आंबोलीच्या सड्यावरचा भेक

पावसाळ्यात आंबोलीचा धबधबा पाहून आलेली कुटुंबे आपल्यात आता पुष्कळ आहेत. एका जूनमध्ये कचेरीतील मंडळींबरोबर आम्हीही सहकुटुंब गेलो होतो. मुले भिजली, भजी खाऊन झाली. परतताना तिन्हीसांजेला एका स्थानिक तरुणाने आमची गाडी थांबवली आणि चाकापुढून अंगठ्याएवढे काहीतरी ओंजळीत उचलून कडेला सोडले. आम्हाला वाटले, साधा बेडूक. तो म्हणाला, "हा आमच्या आंबोलीच्या आसपासच मिळतो. बाकी कुठे नाही."

घरी येऊन माहिती काढली, तर ते खरेच निघाले. हा खरबरीत कातडीचा भेक. अंगावर पिवळे पट्टे, म्हणून २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याचे नाव वाघावरून ठेवले. नष्ट होत चाललेल्या जीवांच्या जागतिक तांबड्या यादीत तो सर्वांत धोक्याच्या वर्गात आहे.

त्याचा संसार सड्यावर. सडा म्हणजे जंगलाला लागून असलेले जांभ्या दगडाचे उघडे पठार. पहिला पाऊस पडला की कातळातील बोटभर खोल डबक्यांत मादी अंडी घालते. मध्येच पावसाने आठ-दहा दिवस ओढ दिली की डबकी आटतात आणि पिल्ले जागीच सुकतात. हा निसर्गाचा भाग झाला. पण माणसाचे काय? त्याच दिवसांत पर्यटकांच्या गाड्यांची रीघ लागते. रस्ता ओलांडणारे भेक चिरडले जातात. सड्यावर गाड्या फिरवल्या जातात, बांधकामे उठतात.

आम्ही पडलो कारकून, म्हणून एक गोष्ट विशेष खटकली. झाडी दिसली की तिला जंगल म्हणतात. ती राखली पाहिजे हे पटतेही. उघडा कातळ मात्र सरकारी दप्तरात बहुधा पडीक, पोटखराब. ज्या जमिनीवर जगातला एक जीव टिकून आहे, तिच्या नावापुढे हा शेरा! याच आंबोलीत एका चिमुकल्या माशासाठी हिरण्यकेशीचा परिसर २०२१ साली जैविक वारसा स्थळ जाहीर झाला. मग भेकाच्या सड्याने काय घोडे मारले?

जूनमध्ये जाणार असाल, तर अंधार पडल्यावर गाडी सावकाश हाकायला सांगा, सड्यावर घालू देऊ नका. मुलांनी कुतूहलाने दगड उचललाच, तर जसा होता तसाच अलगद ठेवायला लावा. त्याच्याखाली कोणी राहत असेल.