मुक्तीनंतरची गावं (भाग ४) : जमिनीतून निघणारा धूर

१८७८ च्या वसंत ऋतूत विलियाना हिकमन ही बाई नवऱ्याबरोबर कॅन्सस राज्यातल्या एलिस स्टेशनवर उतरली. केंटकीहून निघालेल्या त्यांच्या जथ्यात गोवराची साथ शिरली होती आणि काही मुलं तिथेच दगावली. लेकरं मागं ठेवून माणसं पुढं निघाली. पुढची वाट दोन दिवसांची. रस्ता असा नव्हताच. होकायंत्र बघत जायचं, रात्री शेकोट्या पेटवून मुक्काम करायचा. अखेर पुरुषांनी ओरडून सांगितलं, ते बघा निकोडेमस! तिने डोळे ताणून पाहिलं, पण एकही घर दिसेना. नवऱ्याने बोट दाखवलं, तिथं जमिनीतून धूर निघत होता. माणसं बिळात राहावीत तशी जमिनीत राहत होती. तिला रडू कोसळलं. म्हातारपणी तिने स्वतःच ही आठवण सांगून ठेवली आहे.

त्या बिळांमागचं कारण साधं होतं. सॉलोमन नदीच्या काठचा तो सारा गवताळ माळ. घराला लाकूड हवं तर झाडंच नाहीत. म्हणून उताराच्या कडेला खोदायचं, वर फांद्या आणि गवताची ढेपं घालून छप्पर करायचं, चुलीच्या धुराला वर एक भोक ठेवायचं. जळणाला सूर्यफुलाची ताटं आणि वाळलेलं शेण.

अशा जागी गुलामगिरीतून सुटलेली ही माणसं आली तरी का? जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, तेव्हा त्या मुक्तीला जेमतेम आठ वर्षं झाली होती. आणखी चार वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांमागे उभं असलेलं केंद्राच्या फौजेचं बळ निघून गेलं. मुक्त झालेला माणूस पुन्हा जुन्या मालकाच्याच शेतात, अर्ध्या वाट्यावर आणि कायमच्या कर्जात राबू लागला. कॅन्ससचं नाव मात्र त्यांच्या मनात वेगळं होतं. गुलामगिरीविरुद्ध रक्त सांडलेली, जॉन ब्राउन लढला ती ही भूमी. शिवाय १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन पाच वर्षं कसून आपल्या नावावर करता येत होती. स्वतःच्या नावचा सातबारा म्हणजे काय, हे ज्याच्या बापजाद्यांचीच खरेदी-विक्री झाली त्याला विचारावं.

डब्ल्यू. आर. हिल हा जमिनीचे व्यवहार करणारा गोरा आणि डब्ल्यू. एच. स्मिथ, सायमन राउंडट्री हे कृष्णवर्णीय पुढारी यांनी १८७७ मध्ये निकोडेमस वसवण्याची कंपनी काढली. पाच डॉलर भरा आणि चला, अशी पत्रकं केंटकीत वाटली गेली. सप्टेंबरात सुमारे तीनशे माणसं आली, तेव्हा पत्रकातलं गाव जागेवर नव्हतंच. काही कुटुंबं आल्या पावली परत फिरली. उरलेल्यांनी पहिला हिवाळा कसाबसा काढला. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी मांस दिलं म्हणून आपण तगलो, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. घोडे मोजकेच, नांगरही अपुरे. वसंतात अनेकांनी कुदळी-फावड्यांनी माती फोडली. पुरुष मजुरीला दूर गेले, बाया शेत सांभाळत राहिल्या.

आणि दहा वर्षांत तिथं गाव उभं राहिलं! जेनी फ्लेचरने आपल्या घरातच शाळा सुरू केली. चर्च, हॉटेल, बँक, दुकानं आली, दोन साप्ताहिकं निघू लागली. इथंच स्थायिक झालेला एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये कॅन्सस राज्याचा ऑडिटर म्हणून निवडून आला. राज्यपातळीवर निवडून आलेला तिथला तो पहिला कृष्णवर्णीय.

मग रेल्वेचं प्रकरण आलं. रूळ गावातून जावेत म्हणून १८८७ मध्ये लोकांनी सोळा हजार डॉलरचे रोखे मंजूर केले. ज्यांनी दहा वर्षांपूर्वी फावड्याने शेत खणलं होतं, त्यांनी! पण मिसूरी पॅसिफिक ही रेल्वे कंपनी आलीच नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकने रूळ नदीच्या पलीकडून नेले, तिथं बोग नावाचं गाव उठलं आणि निकोडेमसच्या व्यापाऱ्यांनी आपली दुकानं तिकडे हलवली. साप्ताहिकं बंद पडली. गाव आळसाने किंवा अडाणीपणाने बसलं नाही. रेल्वे कंपनीच्या एका निर्णयाने बसलं, हे स्पष्ट लिहायला हवं.

पण शेतकरी जमीन सोडून गेले नाहीत. त्यांना हलवलं ते पुढे १९३० च्या दशकातल्या दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी. १९५३ मध्ये टपाल कचेरी बंद झाली, काही वर्षांनी शाळाही. १९९६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. शाळा, दोन चर्च, हॉटेल आणि चुनखडीच्या दगडातला टाउनशिप हॉल अशा पाच वास्तू त्यात येतात.

२०२० च्या जनगणनेत निकोडेमसमध्ये १४ माणसं होती. जुलैअखेरीस मात्र देशभर पांगलेली शेकडो नातवंडं-पतवंडं मुक्तिदिनाच्या मेळ्याला गावी येतात. मॅकेबने पुढे ओक्लाहोमात जाऊन वसवलेल्या लँग्स्टनची हकिगत पुढच्या भागात.