मुंगीचं नाक, सापाचे कान

बी.ए. झाले, लग्न झालं आणि पाटी-पुस्तक सुटलं ते सुटलंच. मुलं मोठी झाल्यावर मात्र गल्लीतल्या बालवाडीत रोज दोन तास जाऊ लागले. तिथे भिंतीवर पंचेंद्रियांचा तक्ता आहे. डोळ्यांनी पाहतो, कानांनी ऐकतो... पोरं घडाघडा म्हणतात. एकदा विचारलं, "आणि मुंगीचं नाक कुठे असतं?" सगळे गप्प.

मग निघालोच अंगणात. गुळाच्या खड्याकडे मुंग्यांची रांग लागली होती. मी ओलं बोट रांगेवर आडवं पुसलं. मुंग्या तिथे येऊन थबकल्या, मिशा हलवत इकडेतिकडे फिरू लागल्या. मुंगी वाटेवर वास सोडत जाते आणि मागच्या मिशांनी तो हुंगत येतात, हे मग लगेच पटलं. फुलपाखराला पायांनी चव कळते म्हटल्यावर तर एकाने चप्पल काढून पाय चिखलातच घातला! (त्याच्या आईने मला काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.)

नागपंचमीला सापाचा विषय निघाला. सापाला बाहेर दिसणारे कान नसतात, जमिनीची थरथर त्याला जबड्याच्या हाडातून कळते, पुंगीपुढे तो डोलतो ते गारुड्याच्या हालचालीवर नजर ठेवून, असं सांगत होते. एक दोन वेण्यांची चिमुरडी, एरवी तोंड न उघडणारी, एकदम म्हणाली, "मग आई त्याला मारते?" सगळे हसले. मीही हसले.

पुढे कानांचा खेळ घेतला. डोळे मिटायचे, आवाज येईल तिकडे बोट दाखवायचं. कावळा, खार, लांबून भारद्वाजाचा घुमणारा आवाज. सगळ्यांची बोटं वर. ही मात्र डोळे किलकिले करून शेजारणीचं बोट बघायची, मग आपलं उचलायची. मी रागावले, "लबाडी नाही हं करायची!" दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा कुठे मनात चर्र झालं. मागे जाऊन हळूच हाक मारली. वळली नाही.

"हट्टी आहे हो ताई ती," आई म्हणाली. "दहा हाका मारल्या तरी ओ देत नाही. सारखी सर्दी. कान दुखला की कोमट तेल घालते."

कानाच्या डॉक्टरांकडे मीच सोबत गेले. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं निघालं. लहान मुलांमध्ये हे बऱ्याचदा होतं, दरवेळी दुखतंच असं नाही, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. पुष्कळदा आपोआप ओसरतं, पण तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, नाहीच ओसरलं तर पुढचे उपाय. तेल मात्र बंद. तोवर तिच्यासमोर बसून, तोंड दिसेल असं बोलायचं.

मैत्रिणींनो, हाकेला ओ न देणाऱ्या, टीव्हीला चिकटून बसणाऱ्या पोराला धपाटा घालण्याआधी एकदा कान दाखवून या. मी तर रोज तिच्यासमोर असून मला दोन महिने कळलं नव्हतं.

आता ती पहिल्या ओळीत बसते. तिसरा महिना संपत आलाय, येत्या सोमवारी पुन्हा जायचंय. बालवाडीत या आठवड्यात जिभेची पाळी आहे. चिंच आणायला सगळे तयार, कारलं आणायला कुणीच नाही. शेवटी तिनेच बोट वर केलं.