बोर्डिंगचे दार

कोल्हापूरच्या दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी उभे राहिले, की मुस्लिम बोर्डिंग, दिगंबर जैन बोर्डिंग आणि लिंगायत बोर्डिंग हाकेच्या अंतरावर आहेत. बाहेरगावचा पाहुणा हटकून विचारतो, जातिभेद मोडायला निघालेल्या राजाने जातीजातींची, धर्माधर्माची वेगळी वसतिगृहे कशाला काढली? प्रश्न रास्त आहे. मुलगा किंवा मुलगी परदेशातल्या एखाद्या ख्रिस्ती विद्यापीठात शिकायला निघाली, की हाच प्रश्न वेगळ्या रूपात घरात येतो. तिथे तिने आपल्या माणसांच्या मंडळात राहावे, की सर्वांत मिसळावे?

महाराजांनी आधी सर्वांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले होते. १८९६ सालची ही गोष्ट. दार सर्वांना उघडे होते. पण व्यवहारात आत शिरली ती आधीच पुढारलेल्या समाजाची मुले. मग १९०१ मध्ये मराठा आणि जैन, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क, १९१५ मध्ये भारतीय ख्रिस्ती, अशी वसतिगृहांची रांगच लागली. मुस्लिम शिक्षण संस्थेचे अध्यक्षपद तर महाराजांनी स्वतःच घेतले. पोराला ओळखीचे जेवण मिळेल, नमाज किंवा पूजा चुकणार नाही, हे कळल्यावर खेड्यातला बाप त्याला शहरात ठेवायला धजावतो. वेगळेपण हा तिथे हेतू नव्हता, ती शाळेपर्यंत पोचण्याची पायरी होती.

याच कोल्हापुराचा एक धागा थेट अमेरिकेत जातो. १८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी इथे आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला आणि पुढे प्रिन्स्टनला शिकायला गेला. प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती मंडळींनी उभे केलेले हे कॉलेज पुढे, १८९६ मध्ये, विद्यापीठ झाले. रॉबर्टने १८८३ साली तिथे सोबत्यांसह परदेशी मिशनकार्यासाठी विद्यार्थ्यांचे मंडळ काढले. १८८६ च्या माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी त्या कार्यासाठी नावे दिली आणि त्यातून ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ ही चळवळ उभी राहिली. विशीतली पोरे श्रद्धेच्या बळावर सातासमुद्रापार जायला निघाली, त्या धाडसाला दाद दिलीच पाहिजे. मात्र दुसऱ्याला आपल्यासारखे करायचे हे आधीच ठरवून त्याच्या घरी गेले, की त्याचे म्हणणे ऐकून घेणे राहून जाते.

बोर्डिंगपुढे धोका याच्या उलटा होता: आपल्यातच राहून जाण्याचा. त्याला उत्तर दिले ते बोर्डिंगच्याच एका विद्यार्थ्याने. कुंभोजचे भाऊराव पाटील जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला त्यांनी नकार दिला. त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. म्हणून त्यांनी बोर्डिंग या कल्पनेलाच रामराम ठोकला काय? मुळीच नाही. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, तिथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसू लागली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले, तेही ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे! शिष्याने गुरूची पायरी ओलांडली, पण नाव गुरूचेच राखले.

बँकेच्या नोकरीत गावोगाव बदल्या होत तेव्हा नव्या गावी पहिला आधार कुणा आपल्या माणसाचाच वाटे, यात लाजण्यासारखे काही नव्हते. परक्या देशात मराठी मंडळात गणपती बसवावा, आपल्या लोकांत प्रार्थना करावी; मुलीला ‘तिकडे जाऊ नको’ असे सांगू नये. फक्त सुट्टीत ती घरी आली, की एक विचारावे: "तुमच्या मंडळात गेल्या वर्षी परक्या घरची किती मुले जेवायला आली? आणि तू किती जणांकडे गेलीस?" मंडळाच्या वर्गणीपेक्षा हा हिशेब महत्त्वाचा आहे.