सहा पिनांचं खोकं, पाच पिनांचा हेडफोन

स्टॅक्सचा हेडफोन हातात आला की आधी त्याच्या पिना मोजायच्या. सहा असतील तर तो जुना, २३० व्होल्टवर चालणारा. पाच असतील तर ‘प्रो’, त्याला ५८० व्होल्ट लागतात. या जपानी कंपनीने १९६० साली एसआर-१ हा इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन बाजारात आणला आणि त्याला ‘इयरस्पीकर’ असं नाव दिलं. त्यात ना चुंबक, ना तारेचं वेटोळं. दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मधोमध प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो. पडद्यावर कायमचा विद्युतभार ठेवतात आणि पत्र्यांना संगीताचा विद्युतदाब देतात. पडदा इकडून तिकडे ओढला जातो आणि हवा हलते.

हा कायमचा भार ठेवणारा दाब म्हणजे बायस; वरचे २३० किंवा ५८० व्होल्ट ते त्याचेच. तो पुरवण्याचं आणि अ‍ॅम्प्लिफायरचे मोजके व्होल्ट ट्रान्सफॉर्मरने शेकडोंवर नेण्याचं काम एसआरडी-७ हे अ‍ॅडॅप्टरचं खोकं करतं. साध्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरच्या तारा त्याला जोडायच्या, की झालं. त्यावर दोन सॉकेट असतात, दोन्ही सहा पिनांची. १९८०च्या दशकात प्रो हेडफोन आले, तेव्हा ही खोकी मागे पडली. त्यांचे ट्रान्सफॉर्मर मात्र आजही ठणठणीत सापडतात, म्हणून त्यांच्यावर प्रो हेडफोन चालवायचा, तर बदल करायचा तो फक्त बायसमध्ये.

पाच पिनांचा प्लग सहाच्या सॉकेटात बसतो, पण सहाचा पाचाच्या सॉकेटात बसत नाही. प्रो हेडफोनला २३० व्होल्ट मिळाले तर तो फक्त हळू वाजतो. पडद्यावरचं बल बायसच्या प्रमाणात असल्यामुळे आवाज सुमारे ८ डेसिबलनी उतरतो. उलट जुन्या हेडफोनला ५८० व्होल्ट दिले, तर त्याचा पडदा पत्र्याला चिकटू शकतो किंवा ठिणगी पडून भोकही पडू शकतं. ही राखण कंपनीने एका पिनेवर सोपवली. तिच्याइतकी साधी आणि भरवशाची युक्ती मला या क्षेत्रात दुसरी दिसत नाही. म्हणूनच माझं ठाम मत आहे की बदल करताना दोनांपैकी एकच सॉकेट काढावं, तिथे पाच पिनांचं बसवावं आणि दुसऱ्याला हात लावू नये. सहा भोकांच्या सॉकेटावर ५८० व्होल्ट सोडणं म्हणजे पुढच्या मालकाचा हेडफोन आजच जाळून ठेवणं.

बायससाठी घरच्या विजेचे व्होल्ट वाढवतात ते डायोड आणि कपॅसिटर यांच्या शिडीने. कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ साली केंब्रिजमध्ये अणुगर्भ फोडायला हीच रचना वापरली होती. जपानमधल्या १०० व्होल्टच्या विजेचा शिखरदाब १४१ व्होल्ट असतो. शिडीची प्रत्येक पायरी त्याची दुप्पट, म्हणजे २८२ व्होल्टपर्यंत भर घालते. २३०साठी एक पायरी पुरते, पण ५८०साठी दोनही किंचित कमी पडतात. तिसरी चढवून जास्तीचा दाब खाली आणावा लागतो. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या विजेचा शिखरदाब ३२५ व्होल्ट आहे, त्यामुळे इथे एकाच पायरीत ६५० मिळतात. पाहिजे त्या जागी दाब अडवला, तर सेनहायझरच्या ऑर्फियस हेडफोनचे ५०० व्होल्टही याच शिडीतून काढता येतात. कॉसच्या ईएसपी-९५०ला ६०० लागतात. मात्र या दोघांचे प्लग वेगळे आहेत. पिनांचा क्रम तपासल्याशिवाय तार जोडू नये.

बायसच्या वाटेत कित्येक मेगओहमचा रेझिस्टर असतो, तो कधीही गाळू नये. ४.७ मेगओहम धरले, तर कुणाचं बोट लागलं तरी त्यातून जेमतेम ०.१२ मिलिअँपिअर प्रवाह जाईल. संगीत वाहून नेणाऱ्या तारांना असा आडोसा नसतो, आणि वीज काढून घेतली तरी कपॅसिटर भरलेलेच राहतात. त्यांचा भार उतरवल्याशिवाय आत हात घालू नये. शिडी थेट घरच्या विजेवर चालणार असेल, तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच.

याच रेझिस्टरपायी नवखी माणसं मोजताना गोंधळतात. सॉकेटावर १० मेगओहमचा साधा मल्टिमीटर लावला, की ५८०च्या जागी ३९५च्या आसपास आकडा दिसतो. शिडीत चूक झाली असं वाटून ती आणखी एक पायरी चढवतात, आणि पडदा बिघडतो तो तिथे. खरं तर उरलेला दाब रेझिस्टरवर पडलेला असतो. मोजमाप रेझिस्टरच्या अलीकडे, शिडीच्या टोकाशीच घ्यावं.

हे सगळं जुळलं की आवाज बारीक ठेवून गाणं लावायचं. त्या मोठ्या रेझिस्टरमधून पडदा सावकाश भरत जातो, म्हणून सुरुवातीला आवाज अंधुक येतो आणि मग हळूहळू उजळतो.