पहिला सॅक्सोफोन : निवड आणि पारख
(सुषिर वाद्यांचा परिचय : लेखांक सहावा)

मागील लेखांकात आडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिराच्या चरित्राचा परामर्श घेतला, आणि १८१४ साली दिनाँ या गावी जन्मलेल्या त्या कल्पक पुरुषाने १८४६ च्या जूनमध्ये पॅरिस येथे आपल्या नव्या वाद्यकुलाचे पेटंट कसे मिळविले, हे पाहिले. आता इतिहास बाजूस ठेवून व्यवहाराकडे वळावयाचे आहे. कारण ज्याला या वाद्याच्या नादाने वेध लावला, त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो खरेदीचा. या प्रश्नाचे जे उत्तर चहूंकडून मिळते ते असे, की आरंभी एखादे स्वस्त, कामचलाऊ वाद्य घ्यावे, त्यावर हात बसवावा, आणि पुढे यथावकाश चांगले घ्यावे. हा सल्ला वरकरणी काटकसरीचा दिसतो, देणाऱ्याचा हेतूही चांगलाच असतो. परंतु सॅक्सोफोनच्या बाबतीत तो मुळातच उलटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. निर्दोष वाद्याची गरज उस्तादापेक्षा नवशिक्याला अधिक असते. तसे का, हे कळण्यासाठी या वाद्याच्या अंतरंगात थोडे डोकवावे लागेल.

सॅक्सोफोन म्हणजे मुखाशी अरुंद व तळाकडे फैलावत गेलेली पितळेची निमुळती नळी. तिच्या अंगावर विसाहून अधिक छिद्रे असतात, आणि त्यांतील बहुतेक इतकी मोठी, की ती बोटाने झाकणे शक्यच नाही. म्हणून प्रत्येक छिद्रावर धातूचे झाकण, झाकणाच्या पोटात कातड्याने मढविलेली नमद्याची गादी, जिला वादक पॅड म्हणतात, आणि ही सारी झाकणे उघडण्यामिटण्यासाठी चाव्या, दांड्या व सुईसारख्या पोलादी स्प्रिंगांचा प्रपंच. स्वर निघतो तो नळीतील हवेच्या स्तंभातून; तो स्तंभ जेवढा लांब, तेवढा स्वर खालचा. सर्वांत खालचे स्वर वाजवावयाचे तर जवळजवळ सर्व झाकणे एकाच वेळी घट्ट बसली पाहिजेत, आणि त्यांपैकी वरच्या एखाद्या झाकणाच्या कडेला केसभर फट राहिली, तरी हवेचा स्तंभ तेथेच फुटतो. खालचा स्वर थरथरतो, नाही तर एकदम वरच्या सप्तकात उडी घेतो.

आता अशी सदोष झाकणे असलेले वाद्य वीस वर्षे तालीम झालेल्या वादकाच्या हाती दिले, तर तो नकळत बोटांचा दाब वाढवितो, कंठाची ठेवण किंचित बदलतो, आणि त्या वाद्याकडून स्वर वदवून घेतोच. १५ मे १९५३ रोजी टोरंटोच्या मॅसी हॉलमध्ये झालेल्या विख्यात मैफलीत जाझवादक चार्ली पार्कर याने ग्राफ्टन नावाच्या ब्रिटिश बनावटीच्या प्लॅस्टिकच्या ऑल्टो सॅक्सोफोनवर वादन केले. ही वाद्ये स्वस्त होती आणि त्यांची यंत्रणा नाजूक व दुरुस्तीला अवघड मानली जात असे. तरी त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण आजही रसिक आदराने ऐकतात. परंतु पार्करचा हा दाखला नवशिक्याला लागू करणे म्हणजे निव्वळ अन्याय होय. नवशिक्याच्या हातून खालचा स्वर निघाला नाही, तर दोष आपल्या फुंकेचा की झाकणाचा, हे ठरविण्याचे कोणतेही साधन त्याच्याजवळ नसते. तो बिचारा स्वतःलाच दोषी ठरवितो, अधिक जोराने फुंकतो, ओठ आवळतो, दातांनी माउथपीस चावतो, आणि वाद्याच्या दोषावर मात करण्यासाठी जडलेल्या या सवयी पुढे चांगले वाद्य हाती आले तरी सुटत नाहीत. बेसूर तंबोऱ्यावर गळा तयार करावयास बसलेल्या शिष्याची जी गत, तीच याची. कित्येक होतकरू मुलांनी वर्षभरात हे वाद्य सोडून दिले, आणि आपल्याला दम नाही अशी त्यांची कायमची समजूत झाली. वस्तुतः एका कारागिराने तासाभरात दोन गाद्या बदलल्या असत्या, तर ती मुले आज वाजवीत असती.

हे मूळ सूत्र ध्यानात ठेवले, म्हणजे पुढील निवड पुष्कळ सोपी होते. साक्सने कल्पिलेल्या मोठ्या कुलापैकी आज सर्रास प्रचारात आहेत ते चार भाऊ : सोप्रानो, ऑल्टो, टेनर आणि बॅरिटोन. बोटांची ठेवण चौघांची जवळजवळ एकच, त्यामुळे एक साधला की दुसऱ्याकडे जाता येते. सोप्रानो आकाराने लहान म्हणून मुलांना सोपा असेल, असा समज आढळतो, तो खोटा आहे. त्यावर स्वर सुरात ठेवणे सर्वांत कठीण. बॅरिटोनचा भार व खर्च नवशिक्याने अंगावर घेऊ नये. राहिले ऑल्टो आणि टेनर. ऑल्टोचे वजन सुमारे अडीच किलो, टेनरचे त्याहून किलोभर अधिक. ऑल्टोला श्वास कमी लागतो, चाव्या बोटांच्या आवाक्यात येतात, आणि ग्लाझुनॉव्हच्या १९३४ च्या कॉन्चेर्टोपासून पुढचे पुष्कळसे अभिजात पाश्चात्त्य वाङ्मय याच वाद्यासाठी रचलेले आहे. आपल्याकडे कद्री गोपालनाथ यांनी कर्नाटक संगीत सॅक्सोफोनवर आणून १९९४ साली लंडनच्या प्रॉम्स महोत्सवापर्यंत नेले, ते मुख्यतः ऑल्टोच्या बळावर. म्हणून शंका असेल तेथे ऑल्टो घ्यावा. मात्र ज्याच्या कानात टेनरचाच तो भरदार, किंचित घोगरा नाद घुमत आहे, आणि ज्याचे वय व बांधा त्याला अनुकूल आहे, त्याने केवळ रिवाज म्हणून ऑल्टो घेऊ नये. ज्या नादासाठी मनुष्य रोज तासभर बसणार, तो नाद त्याला मनापासून हवा असला पाहिजे.

येथे मराठी वाचकासाठी एका बाबीचा खुलासा करणे अगत्याचे आहे, कारण आपल्याकडील बहुतेकांचा कान हार्मोनियमवर घडलेला असतो. सॅक्सोफोनच्या कागदावर जो सी लिहिलेला असतो, तो ऑल्टोवर वाजविला असता हार्मोनियमची काळी दोन ऐकू येते, आणि टेनरवर काळी पाच. नवशिका घरी पेटी उघडून पांढरी एक दाबतो, सॅक्सोफोनचा सी वाजवितो, आणि दोहोंचा मेळ बसत नाही असे पाहून वाद्य बेसूर असल्याची तक्रार घेऊन दुकानदाराकडे जातो. तो दोष नव्हे, ती या कुलाची मूळ योजना आहे. याच अडचणीवर उपाय म्हणून १९२० च्या दशकात अमेरिकेत सी मेलडी नावाचा, आकाराने ऑल्टो व टेनर यांच्या दरम्यानचा सॅक्सोफोन मोठ्या प्रमाणावर विकला गेला. त्याचा सी म्हणजे पांढरी एकच, त्यामुळे घरच्या पियानोची वही समोर ठेवून तो थेट वाजविता येई. जुन्या बाजारात हे वाद्य अद्याप भेटते, आणि विकणारा ते ऑल्टो किंवा टेनर म्हणून दाखवितो, कित्येकदा स्वतः न जाणता. त्याला साजेसे माउथपीस व सुटे भाग मिळविताना दमछाक होते. तेव्हा पहिले वाद्य म्हणून ते घेऊ नये.

जुन्या वाद्यांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एका धोक्याची नोंद केली पाहिजे. आज सर्वत्र मान्य असलेली ४४० कंपनांची पट्टी १९३९ साली लंडन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरली. त्यापूर्वी, विशेषतः ब्रिटिश फौजी बँडांत, याहून बरीच उंच, सुमारे ४५२ कंपनांची पट्टी दीर्घकाळ चालू होती, आणि त्या पट्टीचे सॅक्सोफोन अमेरिकेतही बनत. अमेरिकन वाद्यांवर कारखान्याच्या क्रमांकाजवळ एच. पी. किंवा एल. पी. अशी अक्षरे ठोकलेली असतात, त्यांतील पहिली उंच पट्टीची व दुसरी आजच्या पट्टीची खूण होय. उंच पट्टीचे वाद्य माउथपीस बाहेर ओढून खाली आणता येईल असे कोणी सांगेल, पण तसे केल्याने आखूड नळीचे स्वर अधिक उतरतात आणि लांब नळीचे कमी, त्यामुळे सबंध सप्तकाची घडी विसकटते. असे वाद्य कितीही सुंदर, कितीही स्वस्त असले, तरी ते दिवाणखान्यात मांडून ठेवण्याच्याच लायकीचे.

जुने वाद्य मुळीच घेऊ नये, असा याचा अर्थ कोणी करू नये. जपानी यामाहाच्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या श्रेणीतील वापरलेला ऑल्टो, गाद्या नव्या करून घेतलेला, हा माझ्या मते नवशिक्यासाठी अव्वल सौदा होय. नव्या वाद्यांत त्याच कारखान्याचे २८० या क्रमांकाचे वाद्य किंवा तैवानमधील ज्युपिटरची प्राथमिक श्रेणी यांची शिफारस निःशंकपणे करता येते. सेल्मरने १९५४ साली काढलेल्या मार्क सिक्सची कीर्ती सार्थ आहे, पण ती कीर्ती पेलण्याइतका कान व हात तयार होईपर्यंत त्यावर द्रव्य घालण्यात मतलब नाही. जी वाद्ये दर महिन्याला निराळ्या नावाने व अतिशय अल्प किमतीत विकली जातात, त्यांच्यापासून मात्र दूर राहावे. त्यांच्या चाव्यांचा धातू मऊ असतो, आज जुळवलेली यंत्रणा महिनाभरात ढळते, आणि सुटा भाग कोठेच मिळत नसल्यामुळे कारागीर ते हातात घेण्यासच नाखूष असतो. म्हणून वाद्य ठरविण्याआधी कारागीर ठरवावा. मुंबईत धोबीतलावाच्या परिसरात, जेथे फुर्टाडोसारखी १८६५ पासूनची पेढी आहे, तेथे चौकशी केली असता दुरुस्ती करणाऱ्याचा पत्ता लागतो. लहान गावी वरातीच्या बँडपथकातील एखादा जाणता वादक हे काम करतो, आणि त्याचा सल्ला कमी लेखू नये.

प्रत्यक्ष पारख करताना चकाकीकडे पाहू नये. लॅकर उडालेले असणे हा दोष नव्हे. उलट नव्याने चढविलेल्या झिलईखाली जुने डाग व जोड लपलेले असण्याचा संभव असतो. प्रथम नेक, म्हणजे वरची वाकडी नळी, उजेडाकडे धरून पाहावी. जोराने माउथपीस बसविणाऱ्यांच्या हातून ती खाली दबते, आणि दबलेल्या नेकच्या आतील वळणावर बारीक सुरकुत्या दिसतात. असे वाद्य सोडून द्यावे. त्यानंतर खोली अंधारी करून घंटेच्या, म्हणजे नळीच्या फैलावलेल्या टोकाच्या, तोंडातून एक बारीक दिवा आत सोडावा आणि चाव्या हलक्या हाताने, अगदी हलक्या हाताने, मिटाव्यात. जेथे गादीच्या कडेने प्रकाश डोकावेल तेथे फट आहे. चाव्या कडेने हलवून त्यांत किती खेळ आहे तेही पाहावे. मग सर्वांत महत्त्वाची परीक्षा : जी हा स्वर ऑक्टेव्हची चावी दाबून धरावा, आणि फक्त अनामिका उचलून ए व पुन्हा ठेवून जी असे आलटूनपालटून वाजवावे. ए वाजताना नेकवरील लहान झाकण उघडले पाहिजे आणि जी वाजताना ते पूर्ण मिटले पाहिजे. ही यंत्रणा बिघडलेली असेल, तर वरच्या सप्तकात शिरताना नवशिक्याचा प्रत्येक प्रयत्न फसेल आणि कारण त्याला कधीच उमगणार नाही. शेवटी सर्वांत खालचा बी फ्लॅट, मोठ्याने नव्हे, हळू आवाजात वाजवून घ्यावा. जोराच्या फुंकेने फटी झाकल्या जातात. हळू वाजविलेला खालचा स्वर खोटे बोलत नाही.

वाद्यासोबत मिळणारे माउथपीस पुष्कळदा कुचकामी असते, आणि नादावर त्याचा परिणाम पितळी अंगापेक्षाही अधिक होतो. यामाहाचे फोर सी किंवा सेल्मरचे एस ऐंशी सी स्टार यांपैकी एक घ्यावे व दोन वर्षे बदलू नये. रुंद तोंडाची धातूची माउथपीसे पाहून मन मोहते, पण त्यांवर ताबा मिळविण्यास पक्व ओठ लागतात. रीड, म्हणजे ती बोरूची पत्ती, आरंभी दीड किंवा दोन क्रमांकाची असावी. चांगल्या पत्त्यांचा बोरू दक्षिण फ्रान्सच्या व्हार प्रांतातून येतो, आणि एकच पत्ती झिजवीत बसण्यापेक्षा तीनचार पत्त्या आळीपाळीने वापरणे हिताचे.

आपल्या हवेचा विचार परदेशी पुस्तकांत सापडत नाही, म्हणून तो येथे करतो. कोकणात आणि मुंबईत आषाढ-श्रावणात पत्त्यांवर बुरशी येते, पोलादी स्प्रिंगांना गंज चढतो, आणि गाद्यांचे कातडे दमट होऊन छिद्रांना चिकटते. जी शार्पचे झाकण एरवी मिटलेले असते व केवळ एका अशक्त स्प्रिंगच्या जोरावर उघडते, त्यामुळे ते सर्वांआधी चिकटते. वादनानंतर नळीतून कापड ओढून ओल टिपावी, त्या झाकणाखाली पातळ कागद दाबून धरून तो हलकेच काढावा, पत्त्या धुऊन सपाट पृष्ठावर सुकवाव्यात, आणि ओले वाद्य पेटीत कोंडून ठेवू नये. पावसाळ्यात जुने वाद्य पाहावयास मिळाले, तर ती संधीच समजावी. वाद्याचे जे दोष उन्हाळ्यात झाकून राहतात, ते या दिवसांत उघडे पडतात.

राहता राहिला सौद्याचा दस्तूर. विसार देण्यापूर्वी वाद्य आठ दिवस शिक्षकाकडे नेण्याची मुभा मागावी, दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावयाचा हे आधी ठरवावे, आणि पावतीवर कारखान्याचा क्रमांक लिहून घ्यावा. शिक्षक उपलब्ध नसेल तर एखाद्या क्लॅरिनेटवादकाला सोबत न्यावे. एकपाती रीडवर फुंकण्याची सवय असल्यामुळे तो सॅक्सोफोनमधून परीक्षेपुरते स्वर काढू शकतो. तोही न मिळाल्यास खरेदी लांबणीवर टाकावी, आणि तोपर्यंत एखाद्या बँडपथकाकडून किंवा पेढीकडून चालू स्थितीतील ऑल्टो महिन्याच्या भाड्याने मिळतो का ते पाहावे.