रक्त आपले, निर्णय कोणाचा?

आपल्या समाजातील पुष्कळ घरांत बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लष्करी गणवेशातल्या मुलाचा फोटो लावलेला असतो. एखाद्या फोटोत त्याच्या डोक्यावर युनोची निळी टोपी दिसते. महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात उभी राहिली. तिचे अधिकारी के. सुंदरजी 1963 मध्ये कांगोत युनोच्या शांतिसेनेत होते. पुढे 1986 साली ते लष्करप्रमुख झाले. 1993-94 मध्ये भारताची ब्रिगेड सोमालियात गेली, तीतही महार पलटण होती. मोगादिशूत आपले सैनिक मारले गेल्यावर अमेरिकेने मार्च 1994 पर्यंत फौज परत नेली. आपले जवान मात्र डिसेंबरपर्यंत तिथेच राहिले.

आता जमाखर्च मांडू. पैशाचा मोठा वाटा अमेरिका आणि चीनचा. माणसे नेपाळ, रवांडा, बांगलादेश आणि भारताची. भारताचे सुमारे 180 जवान या कामी शहीद झाले. सैन्य कुठे पाठवायचे, त्याने काय करायचे, हे मात्र सुरक्षा परिषदेचे 15 सभासद ठरवतात, आणि त्यातल्या पाचांना नकाराधिकार आहे.

युनोच्या सनदेत 44 वे कलम आहे. जो देश परिषदेचा सभासद नाही, त्याच्याकडून सैन्य मागण्याआधी त्याची इच्छा असल्यास त्याला त्या निर्णयात सामील करून घ्यावे, असे ते सांगते. ते कागदावरच राहिले, कारण आधीच्या 43 व्या कलमाप्रमाणे सैन्याचे करार कधी झालेच नाहीत. कायदा असून अंमल नाही, हे दुखणे आपल्याला नवे नाही! आमच्या वळसंगला आपल्या लोकांनी विहीर खोदली, 1937 साली बाबासाहेबांनी तिचे पाणी घेतले. खोदणाऱ्याने पाण्यासाठी दुसऱ्याला विचारायचे नसते, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही.

1965 पासून शांतिसेनेसाठी युनोची खास समिती आहे. गरीब देशांना तिथे बोलता येते, पण ती शिफारशीच करते. 2001 च्या 1353 व्या ठरावाने सैन्य देणाऱ्या देशांशी सल्लामसलत करण्याची पद्धत घालून दिली. सल्ला विचारतात; मत नाही.

खुर्ची मिळाली की काय होते, तेही पाहा. 2021-22 मध्ये भारत परिषदेचा तात्पुरता सभासद होता. ऑगस्ट 2021 मध्ये अध्यक्षपद आपल्याकडे असताना शांतिसैनिकांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षा व्हावी, असा 2589 वा ठराव मंजूर झाला. ती मुदत डिसेंबर 2022 मध्ये संपली.