ब्राँझच्या पंख्यावर बार्नॅकल का बसतात?

कोकणातल्या कुठल्याही बंदरावर बोट वर ओढली की आधी पंख्याकडे बघा. (प्रॉपेलरला आपल्याकडे पंखाच म्हणतात, मीही तेच म्हणणार.) बुडाला रंग असतो म्हणून तिथे थोडी बुळबुळ, आणि पंख्यावर मात्र पांढऱ्या, धारदार बार्नॅकलांची दाट वस्ती. माझा विषय कळला की लोक हमखास एक प्रश्न विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. बुडाचा रंग काम करतो तो त्यातल्या तांब्यामुळे. ब्राँझ म्हणजे तरी बहुतांश तांबंच. मग रंगातली तांब्याची भुकटी जे करते, ते अख्खा धातूचा पंखा का करत नाही?

याचं उत्तर दोनशे वर्षं जुनं आहे. पण आधी चिकटतं कोण, ते बघू.

कुठलीही स्वच्छ वस्तू समुद्रात टाकली की काही मिनिटांत तिच्यावर सेंद्रिय पदार्थांचा अदृश्य थर बसतो. काही तासांत जिवाणू येतात, मग डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल. हाताला लागते ती बुळबुळ यांचीच. मग येतात बार्नॅकलच्या अळ्या. यांची शेवटची अवस्था फार मजेशीर आहे. ही अळी काही खात नाही, तिला फक्त जागा शोधायची असते. दोन शृंगिकांवर ती चक्क चालते, पृष्ठभाग चाचपते, नाही आवडला तर पोहत पुढे जाते. आवडला की सिमेंटसारखा चिकट पदार्थ सोडते आणि जन्मभरासाठी तिथेच बसते. जागा निवडताना आपल्या जातीच्या मोठ्या बार्नॅकलांची प्रथिनं तिला हवीहवीशी वाटतात. म्हणून बार्नॅकल खरवडताना खालची पांढरी चकती राहू देऊ नका. नव्या पिढीला ते आमंत्रणच.

नुकसान किती? मायकेल शुल्ट्झ यांनी २००७ साली मध्यम आकाराच्या युद्धनौकेसाठी हिशेब मांडला. बुडावर कवचधारी जीवांची दाट वाढ असेल तर नेहमीच्या वेगाने जायला ८६ टक्क्यांपर्यंत जास्त शक्ती लागू शकते. आपल्या ट्रॉलरला हाच आकडा लागू होईल असं नाही, पण डिझेलचं बिल कोणत्या दिशेने जाणार ते कळतं. पंखा तर सगळ्यात नाजूक जागा. पात्याचा आकार जरा बिघडला की इंजिन ओरडतं आणि बोट सरकत नाही.

आता तांब्याची गोष्ट. १७६१ साली ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' या लाकडी जहाजाच्या बुडाला तांब्याचा पातळ पत्रा ठोकला. मुख्य हेतू लाकूड पोखरणाऱ्या जीवांपासून बचाव. जहाज वेस्ट इंडीजला जाऊन आलं, पत्रा छान स्वच्छ! पण खालचे लोखंडी खिळे पार गंजून गेलेले. काही ठिकाणी मात्र पत्रा गुंडाळून आलेला तपकिरी कागद तसाच राहिला होता, आणि तिथले खिळे शाबूत होते. तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की बॅटरी तयार होते. त्यात लोखंड झिजतं, तांबं वाचतं. कागदाने ती बॅटरी तोडली होती.

पुढे आरमाराला दुसरीच चिंता लागली, पत्राच झिजतो! हंफ्री डेव्हीला विचारलं गेलं. त्याने १८२४ मध्ये उपाय सांगितला: तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडा. ते झिजतील, तांबं वाचेल. रसायनशास्त्र शंभर टक्के बरोबर होतं. तांबं खरोखरच झिजायचं थांबलं, आणि त्याच पत्र्यांवर शेवाळ नि बार्नॅकल थाटात वाढू लागले. जहाजं मंदावली, तुकडे काढावे लागले.

म्हणजे जीवांना दूर ठेवत होता तो पत्रा नव्हे, पत्र्यातून सतत पाण्यात सुटणारे तांब्याचे आयन. तांबं विरघळतं म्हणूनच ते काम करतं. झीज थांबवलीत की राखणही थांबते.

आता तुमच्या बोटीचा शाफ्ट आठवा. त्यावर जस्ताचा ठोकळा बसवलेला असतो, पंखा आणि शाफ्ट गंजू नयेत म्हणून. डेव्हीने केलं तेच! जस्त झिजतं, ब्राँझ वाचतं, त्यातून तांबं सुटत नाही आणि बार्नॅकलला तो पंखा दगडासारखाच निरुपद्रवी वाटतो. म्हणून जस्त काढून टाकायचं का? मुळीच नाही. पंखाच खराब झाला तर खर्च कितीतरी मोठा. आणि जस्तावर रंगही मारू नका, मग ते असून नसल्यासारखंच.

पंख्याला बुडाचाच रंग फासण्याचा मोह अनेकांना होतो. तो टिकत नाही, कारण पात्याच्या टोकाशी पाण्याचा वेग प्रचंड असतो. शिवाय या रंगात राळेसारखा पदार्थ असतो, तो किंचित अल्कधर्मी समुद्रपाण्यात हळूहळू विरघळतो आणि तांब्याचा नवा थर उघडा पाडतो. म्हणजे रंग झिजण्यासाठीच बनवलाय. पंख्यावर तो लगेचच संपतो. अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना तर तांब्याचा रंग लावूच नये, तिथे 'अलार्म'च्या खिळ्यांची कथा पुन्हा घडते.

पंख्यासाठी पटणारा मार्ग म्हणजे सिलिकोनचा गुळगुळीत लेप. यात विष नसतं. बार्नॅकल बसतात, पण पकड कच्ची राहते आणि पंखा फिरला की सुटून जातात. अट एकच, बोट चालती हवी. महिनाभर जेटीला बांधून ठेवलेल्या बोटीवर या लेपाकडून चमत्काराची अपेक्षा नको. लेपाआधी पात्यावरचं तेलाचं बोटसुद्धा पुसायला हवं, नाहीतर पापुद्रे निघतात.

जास्त जालीम विष का वापरत नाही, असंही विचारतात. वापरून झालंय. ट्रायब्युटिलटिन, म्हणजे टीबीटी, हे कथिलाचं संयुग असलेले रंग अफाट प्रभावी होते. पण फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात कालवांची पैदास कोसळली, आणि फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान बोटींना हे रंग बंद केले. समुद्री गोगलगाईंच्या माद्यांना तर लिटरमागे काही अब्जांश ग्रॅम टीबीटीनेही नराची इंद्रियं फुटत होती. २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने ते जहाजांवर बंद आहे. तांबं त्यामानाने सौम्य, पण खाडीत साठतं तेही.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर असतात. हे काम तेव्हाच उरका. खरवड आणि जुन्या रंगाचा चुरा ताडपत्रीवर गोळा करा, खाडीत ढकलू नका. त्यात तांबं असतंच. आणि पाण्यातच खरवडलं तर दुसऱ्या बंदरातून आलेले जिवंत पाहुणेही इथे सुटतात. मुंबई आणि विशाखापट्टणमच्या गोद्यांत रुजलेला, मूळचा कॅरिबियन किनाऱ्याकडचा काळ्या पट्ट्यांचा शिंपला असाच जहाजांबरोबर आला. नवा रंग लावल्यावर बोट किती दिवसांच्या आत पाण्यात उतरवायची ते डब्यावर लिहिलेलं असतं, त्यावरून उलटी तारीख धरून रंगाला सुरुवात करा.